चोवीस तासांचा इतिहास : कोलकाता, फौजदारी कायदा आणि काही नेहमीचे प्रश्न

फौजदारी कायद्याविषयी सामान्य माणूस वकिलाला जे प्रश्न विचारतो, त्यांची यादी केली तर ती दहा-बारा प्रश्नांपलीकडे जात नाही. पोलिसांनी नेले आहे, म्हणजे अटक झाली का? किती वेळ ठेवू शकतात? का नेले, हे सांगण्यास ते बांधील आहेत का? दडपणाखाली सही केली तर ती ग्राह्य धरतात का? जामीन मिळेल का, आणि मिळाला तर जामीनदार कोण राहणार? एखादी कृती गुन्हा ठरते की नाही, हा प्रश्न या यादीत क्वचितच असतो. चोरी म्हणजे काय, हे प्रत्येकाला आपल्या परीने ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच की आज रात्री काय होणार आणि उद्या कोणाकडे जायचे.

नोकरीनिमित्त मी सध्या कोलकात्यात राहतो. या प्रश्नांची आज दिली जाणारी उत्तरे बव्हंशी याच शहरात लिहिली गेली, किंवा या शहरातून निघालेल्या कागदामुळे लिहिली गेली, हे माझ्या लक्षात आले ते एका अप्रिय प्रसंगामुळे. प्रथम तो प्रसंग सांगतो.

मागील हिवाळ्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास मला दूरध्वनी आला. बोलणारे गृहस्थ सांगली जिल्ह्यातील, खानापूर तालुक्याकडचे. महाराष्ट्र निवासातील गणेशोत्सवात आमची ओळख झाली होती. सगळे त्यांना आण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतील गलाईवाले सोन्याचांदीच्या आटणीसाठी भारतभर पसरले आहेत, हे वाचकांना ठाऊक असेलच. कोलकात्याच्या सराफी गल्ल्यांतही त्यांच्या लहान लहान पेढ्या आहेत. सराफाने पाठवलेली मोड वितळवायची, शुद्ध करायची आणि सोने परत द्यायचे, हा त्यांचा व्यवसाय. ती मोड मुळात कोणाच्या अंगावरची, हे आटणी करणाऱ्यास बहुधा कळत नाही. परंतु चोरीच्या दागिन्यांचा माग काढीत पोलीस निघाले की ते त्याच्या भट्टीपर्यंत येऊन पोहोचतात.

"साहेब, पुतण्याला नेलंय ओ. सात वाजता साध्या कपड्यातले चौघे आले आणि घेऊन गेले. आता काय करायचं?"

पुतण्या चोवीस वर्षांचा. बांगला त्याला बोलण्यापुरती येते, वाचता येत नाही. आण्णांनी एकामागून एक वर दिलेलेच प्रश्न विचारले. जवळजवळ तीन दशके केंद्र सरकारच्या सेवेत काढलेल्या मला त्यांपैकी एकाचेही उत्तर ठामपणे देता आले नाही. "ठाण्यात एक फोन तरी करा," ही त्यांची विनंती मी नाकारली. आपल्या पदाचे वजन असे वापरू नये, ही माझी समजूत होती आणि आजही आहे. "आण्णा, सकाळी वकील गाठू," असे सांगून मी फोन ठेवला. त्या रात्री माझी एक चूक झाली. ती कोणती, हे शेवटी सांगतो.

दुसऱ्या दिवशी आलिपूर न्यायालयात वकिली करणाऱ्या एका परिचितांना भेटलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "क’टाय नियेछे?" म्हणजे किती वाजता नेले. नाव, गाव, आरोप यांपैकी काहीही त्यांनी आधी विचारले नाही.

कायदा माहीत असणे

कोलकात्यातील फौजदारी न्यायाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा महाराज नंदकुमार यांच्या खटल्यापासून सांगितला जातो. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनुसार १७७४ मध्ये फोर्ट विल्यम येथे सुप्रीम कोर्ट स्थापन झाले आणि एलिजा इम्पे हे त्याचे मुख्य न्यायाधीश झाले. १७७५ च्या मार्चमध्ये नंदकुमारांनी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर लाचखोरीचा आरोप केला. मे महिन्यात एका जुन्या कर्जरोख्याच्या बनावटीच्या आरोपावरून त्यांनाच तुरुंगात टाकण्यात आले. जूनमध्ये इंग्रज ज्यूरीसमोर खटला चालला आणि ५ ऑगस्ट १७७५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

हेस्टिंग्ज यांचा या खटल्यात हात होता की नाही, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. प्रशासकाच्या दृष्टीने त्यात दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दस्तऐवजाच्या बनावटीला देहदंड देणारा कायदा इंग्लंडच्या पार्लमेंटने दुसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीत तेथील व्यापारपेठेसाठी केला होता. बंगालमध्ये या कृत्याला फाशी होत नसे. ज्या रोख्यावरून खटला झाला तो हे न्यायालय अस्तित्वात येण्यापूर्वीचा होता. तात्पर्य, ज्या कायद्याने नंदकुमारांचा प्राण गेला तो कायदा त्यांना किंवा त्यांच्या शहराला माहीत असण्याचे काही कारणच नव्हते.

यानंतर सुमारे साठ वर्षांनी, १८३४ मध्ये, मेकॉले गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाचे विधि सदस्य म्हणून कलकत्त्यास आले. त्या वेळी मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांत वेगवेगळे विनियम चालत. शहरांत इंग्लिश कायदा, तर मुलखात इस्लामी फौजदारी कायद्याचे दुरुस्त केलेले रूप. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधि आयोगात कॅमेरॉन, मद्रासचे मॅक्लिऑड आणि मुंबईचे अँडरसन हे सदस्य होते. आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा सादर केला. चौरंगीवरील ज्या जागी मेकॉले राहत, तेथे आज बेंगॉल क्लब आहे. मसुदा मात्र तेवीस वर्षे पडून राहिला. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले, बार्न्स पीकॉक यांनी मसुद्यावर शेवटचा हात फिरवला आणि ६ ऑक्टोबर १८६० रोजी तो मंजूर झाला. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली. मेकॉले १८५९ च्या डिसेंबरातच निवर्तले होते.

या संहितेत कलमांखाली उदाहरणे दिली होती. ‘अ’ने ‘य’च्या जमिनीतील झाड अप्रामाणिक हेतूने तोडले तर चोरी कोणत्या क्षणी पूर्ण होते, अशा धाटणीची ही उदाहरणे आहेत. कायदा वाचणाऱ्याला कळला पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता. परंतु त्याच संहितेने दुसरीही एक गोष्ट पक्की केली. वस्तुस्थितीविषयी प्रामाणिक गैरसमज झाला तर तो बचाव होऊ शकतो, कायद्याविषयीचे अज्ञान मात्र बचाव होत नाही. राज्याने कायदा छापून प्रसिद्ध केला, म्हणजे तो प्रत्येकाला माहीत आहे असे गृहीत धरण्यात आले. माझ्या मते आजच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ या गृहीतात आहे. राज्याने अज्ञान ही सबब मानायची नसेल, तर सांगण्याचे काम राज्यानेच आपल्याकडे घ्यावयास हवे. ते काम कायद्याने घेण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली.

सही आणि कबुली

दंड संहितेने गुन्हे कोणते ते सांगितले. पकडायचे कसे, लिहायचे काय आणि सिद्ध कसे करायचे, हे पुढच्या कायद्यांत आले. १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पोलीस अधिनियम हे दोन्ही कायदे झाले. ठाण्यात आलेली खबर लेखी नोंदवून घेतली पाहिजे, हा नियम १८६१ च्या प्रक्रिया संहितेतच आहे. ‘तक्रार घेत नाहीत’ ही तक्रार किती जुनी असेल, याची त्यावरून कल्पना यावी.

त्याच संहितेत आणखी एक विलक्षण तरतूद होती. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे तिने सांगितले. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. महसूल गोळा करण्यासाठी आणि कबुली मिळवण्यासाठी सरकारचेच नोकर रयतेचा छळ करीत असल्याचे त्यातून पुढे आले. इंग्लंडात असा सरसकट नियम नव्हता. म्हणजे सरकारने एकाच वर्षी एका हाताने पोलीस दल उभे केले आणि दुसऱ्या हाताने, त्या दलाने मिळवलेल्या कबुलीवर आमचा विश्वास नाही, असे लिहून ठेवले. पुढे विधि सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १८७२ च्या पुरावा अधिनियमात ही तरतूद २५ व्या कलमात आणली. १ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आणि हाच नियम आता त्याच्या २३ व्या कलमात आहे. दीडशेहून अधिक वर्षे राज्यकर्ते बदलले, हा अविश्वास कोणालाही काढून टाकावासा वाटला नाही.

या नियमाला एक पळवाट आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढे विधान पुराव्यात येते. गलाईवाल्याच्या बाबतीत नेमकी हीच वाट वापरली जाते. ‘याने दाखवल्यावरून सोने मिळाले’ असे लिहिलेला जप्तीचा कागद हा त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा ठरतो. आपल्याकडे ज्याला जप्ती पंचनामा म्हणतात त्याला इकडे ‘सीझर लिस्ट’ म्हणतात, आणि ती बहुधा बांगलामध्ये असते. आण्णांच्या पुतण्याने अशाच एका कागदावर, वाचता येत नसताना, सही केली होती. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेऊच नये असा कायदा आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. जप्तीचा कागद आणि जबाब यांतला फरक तर दूरच राहिला.

जामीन

जामिनाच्या प्रश्नात कलकत्ता आणि महाराष्ट्र यांचा जुना संबंध आहे. राजद्रोहाचे १२४अ हे कलम स्टीफन यांच्याच काळात, १८७० मध्ये, दंड संहितेत आले. त्याखालील पहिला मोठा खटला १८९१ मध्ये कलकत्त्याच्या ‘बंगबासी’ पत्रावर झाला. दुसरा गाजलेला खटला १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर मुंबईत झाला. त्या वेळी बंगालमध्ये टिळकांच्या बचावासाठी वर्गणी जमली, आणि प्यू व गार्थ हे बॅरिस्टर कलकत्त्याहून मुंबईस गेले. खालच्या न्यायालयात नाकारलेला टिळकांचा जामीन अखेर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी मंजूर केला. तो अर्ज चालवणाऱ्या वकिलांचे नाव दिनशा दावर.

अकरा वर्षांनी, ३० एप्रिल १९०८ रोजी, मुझफ्फरपूर येथे बाँब फुटला. कलकत्त्यात अरविंद घोष, बारींद्र आणि त्यांचे सहकारी पकडले गेले व आलिपूरचा खटला उभा राहिला. त्याच बाँबच्या निमित्ताने ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांवरून टिळकांवर पुन्हा १२४अ लावण्यात आले. या वेळी जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जीना यांनी चालवला आणि तो नामंजूर करणारे न्यायमूर्ती होते दावर, म्हणजे १८९७ चे तेच वकील. कलम तेच, आरोपी तोच. एकदा जामीन मिळाला, एकदा नाही. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

‘जामीन मिळेल का?’ या प्रश्नाला वकील सरळ उत्तर का देत नाहीत, याचे हे ऐतिहासिक कारण आहे. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळणारच नाही असा नसून, तो हक्काने मागता येत नाही, न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून असतो, एवढाच आहे. चोरीचा माल बाळगण्याचा गुन्हा अजामीनपात्र आहे, पण त्याला कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हजर राहण्याची नोटीस द्यावी आणि अटक करायचीच असेल तर कारणे लिहावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात सांगितले. हीच नोटिशीची व्यवस्था आता भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमात आहे. आण्णांच्या पुतण्याला नोटीस मिळाली नव्हती.

परगावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून मोठी अडचण जामीनदाराची. न्यायालय जामीन देते, पण स्थानिक मालमत्ता असलेला जामीनदार मागते. गावाकडे पाच एकर बागायत असली तरी कोलकात्यात तिचा उपयोग काय? १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंडीकाम करणाऱ्या मजुराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले होते. मध्य प्रदेशातील मॅजिस्ट्रेटने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची जामीनकी, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून, नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचे ठरवले. एकाच देशातील नागरिकाला केवळ जिल्हा बदलल्याने परका मानता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. रक्कमही एक हजारावर आणली गेली. निकाल होऊन जवळपास अर्धे शतक होत आले. व्यवहारात मात्र आजही स्थानिक जामीनदारच मागितला जातो. आमच्या प्रकरणात बहूबाजारचे एक बंगाली सराफ स्वतःहून पुढे आले. ते आले नसते तर जामीन मंजूर होऊनही पोरगा आत राहिला असता.

चोवीस तास आणि एक पत्र

पकडलेल्या माणसाला चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ पोलिसांनी ठेवू नये, ही मर्यादा १८९८ च्या प्रक्रिया संहितेच्या ६१ व्या कलमात होती. प्रवासाचा वेळ तीत धरला जात नाही. १९५० मध्ये संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने तिला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. नवीन संहितेत ती ५८ व्या कलमात आहे.

याच्या शेजारी दुसरीही परंपरा आहे, हे विसरून चालणार नाही. १८१८ चा बंगालचा तिसरा विनियम सरकारला कोणताही खटला न चालवता माणसाला अडकवून ठेवू देत असे. मुंबई इलाख्यात १८२७ चा पंचविसावा विनियम होता, आणि १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना त्याखालीच स्थानबद्ध करण्यात आले. २२ व्या अनुच्छेदात या दोन्ही परंपरा एकत्र नांदतात. त्याची पहिली दोन कलमे चोवीस तासांचे संरक्षण देतात आणि पुढची कलमे प्रतिबंधक स्थानबद्धतेला वाट करून देतात.

तरीही एक प्रश्न उरतोच. चोवीस तास कधीपासून मोजायचे? कायद्याच्या दृष्टीने ते अटकेपासून मोजायचे. परंतु अटक केव्हा झाली, हे कागदावर लिहिण्याचा अधिकार ज्याने अटक केली त्याच्याच हाती असेल तर या मर्यादेला अर्थ काय राहतो?

या प्रश्नाचे उत्तरही कोलकात्यातूनच गेले. १९८६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये येथील इंग्रजी वृत्तपत्रांत पोलीस कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या आल्या. पश्चिम बंगालमधील विधि साहाय्य संस्थेचे कार्यकारी अध्यक्ष दिलीप कुमार बसू यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी भारताच्या सरन्यायाधीशांना त्याविषयी पत्र लिहिले. त्या पत्रालाच न्यायालयाने रिट याचिका मानले. १८ डिसेंबर १९९६ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी, न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती ए. एस. आनंद यांच्या पीठाने निकाल दिला आणि अटकेसाठी अकरा आवश्यक बाबी घालून दिल्या.

त्यांतील काही मी मुद्दाम येथे देतो. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. अटकेचे टिपण जागेवरच करून त्यात तारीख आणि वेळ लिहावी, कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून आणि अटक झालेल्याची स्वतःची सही घ्यावी. एका नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावे. नातेवाईक जिल्ह्याबाहेर राहत असतील तर जिल्ह्यातील विधि साहाय्य संस्था आणि त्या भागातील ठाणे यांच्यामार्फत आठ ते बारा तासांत तारेने कळवावे. आरोपीने मागणी केल्यास अंगावरील जखमांची नोंद करावी आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. चौकशीच्या काळात वकिलाला भेटू द्यावे, जरी सबंध वेळ नव्हे. अटकेची माहिती बारा तासांत नियंत्रण कक्षाला देऊन तेथील फलकावर लावावी.

तारखाते जुलै २०१३ मध्ये बंद झाले, पण परगावच्या माणसाचा इतका स्पष्ट विचार करणारी दुसरी तरतूद मला आढळली नाही. या बाबींपैकी बऱ्याच पुढे कायद्यात आल्या. प्रक्रिया संहितेत केलेली ४१अ ते ४१ड ही कलमे नोव्हेंबर २०१० पासून लागू झाली, आणि आज त्यांचा आशय नागरी सुरक्षा संहितेच्या ३५ ते ३८ या कलमांत आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतील एका प्रकरणात, अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, असा निर्णय झाला. नंदकुमारांपासून मोजले तर ‘सांगण्याचे काम राज्याचे’ हे एवढ्या स्पष्ट शब्दांत मान्य होण्यास अडीचशे वर्षे लागली.

माझी चूक

आता आमच्या प्रकरणाकडे वळतो. संध्याकाळी सातला नेलेल्या मुलाच्या अटकेच्या टिपणावर दुसऱ्या दिवशीची सकाळी साडेअकराची वेळ होती. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले. कागदावर साडेतेवीस तास, प्रत्यक्षात चाळीस. आमच्या वकिलांनी हा मुद्दा मांडला. वेळेचा पुरावा काय, असे विचारण्यात आले आणि आमच्याजवळ आण्णांच्या शब्दाखेरीज काही नव्हते.

नंतर वकील मला म्हणाले, "त्या रात्री साडेदहाला ठाण्याला आणि नियंत्रण कक्षाला दोन ओळींचा ई-मेल गेला असता, की अमुक माणसाला सात वाजता अमुक ठिकाणाहून नेले आहे, तर ही वेळ पुढे सरकली नसती." हीच माझी चूक. वशिला लावणे आणि विचारणा करणे यांत मी गल्लत केली. वशिला लावायचा नाही, हे बरोबर होते. परंतु अमुक व्यक्ती आपल्या ताब्यात आहे काय, असे लेखी विचारण्यासाठी कोणत्याही पदाची आवश्यकता नसते. दिलीप कुमार बसूंनीही शेवटी पत्रच लिहिले होते. तीस वर्षे टिपणी आणि पत्रे लिहिण्यात घालवलेल्या माणसाला, नेमके जेव्हा पत्र लिहावयास हवे होते तेव्हा ते सुचले नाही.

परप्रांतातील मराठी मंडळांनी निदान एवढे करावे, असे मला वाटते. एका स्थानिक वकिलाचा क्रमांक आणि एका विनंतीपत्राचा नमुना जवळ ठेवावा. कोणाला नेल्याचे कळताच वेळ, ठिकाण आणि नेणाऱ्यांचे वर्णन लिहून ते त्याच रात्री पाठवावे. कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार मोफत वकील मिळू शकतो. राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाचा साहाय्य क्रमांक १५१०० आहे. आणखी एक लक्षात ठेवावे. बंगालमध्ये तक्रार घेऊन गेल्यावर ठाण्यात पुष्कळदा ‘जीडी’ क्रमांक देतात. ती जनरल डायरीतील नोंद असते, एफआयआर नव्हे. महाराष्ट्रातून नव्याने आलेली माणसे तिलाच एफआयआर समजून स्वस्थ बसतात.

प्रशासनानेही एक साधी सुधारणा करावी. ‘आपल्याला ठाण्यात किती वाजता आणले?’ हा रकाना अटकेच्या छापील टिपणात असावा आणि तो अटक झालेल्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत भरावा. त्यास खर्च काहीच नाही. एखादा माणूस खोटी वेळ लिहील, हे मान्य आहे. पण मग दोन वेळा कागदावर येतील, आणि कोणती खरी हे ठाण्यातील कॅमेऱ्याचे चित्रण मागवून न्यायाधीशाला ठरवता येईल. आज त्याच्यापुढे एकच वेळ असते.

खटला अजून चालू आहे. पुतण्या पेढीवर परत आला आहे. आता आटणीला आलेल्या प्रत्येक मोडीची नोंद तो वहीत करतो, आणि सराफाची सही घेतल्यावाचून भट्टी पेटवीत नाही. परवा आण्णा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, एक नवीन सवय लागलीय. दारात अनोळखी माणूस आला की पहिल्यांदा घड्याळाकडं बघतो." मी त्यांना म्हटले, "आण्णा, ही सवय मोडू नका."